शनिवारी वडखळ, रविवारी कार्लेखिंड: रायगडच्या किनाऱ्यावर कोंडी कधी, कुठे आणि का होते?

अलिबाग : मंगळवारी सकाळी वडखळहून निघालेली गाडी पाऊण तासाच्या आत अलिबागला पोहोचते. अंतर जेमतेम २२ किलोमीटर. हाच रस्ता शनिवारी सकाळी किंवा रविवारी संध्याकाळी दोन-दोन तास खातो. रस्ता तोच, रुंदी तीच, मग दोन दिवसांत असे काय बदलते?

हा प्रश्न फक्त पर्यटकांचा नाही. पर्यटक वैतागतो, पण रात्री घरी पोहोचतो. किनाऱ्यावरच्या गावांना मात्र याच रस्त्याने रुग्ण न्यायचा असतो, मासळी बाजारात वेळेत पोहोचवायची असते, एसटी पकडायची असते. मुरुड, रेवदंडा, पोयनाड भागातला रुग्ण अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात येतो. प्रकृती गंभीर असेल तर त्याला पुढे नवी मुंबई किंवा मुंबईला हलवतात आणि त्या रुग्णवाहिकेलाही वडखळवरूनच जावे लागते. दुसरीकडे, हेच पर्यटक आले नाहीत तर खोल्या, खाणावळी, रिक्षा, शहाळ्याच्या गाड्या बंद पडतात. गर्दी नको म्हणून चालत नाही आणि गर्दीत अडकूनही चालत नाही. म्हणून कोंडीचे गणित समजून घेतलेले बरे.

रस्त्यांची रचना: सगळे एकाच नरसाळ्यात

मुंबईकडून किनाऱ्याकडे येणारी बहुतेक वाहने पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ ला लागतात. पूर्वी याचा क्रमांक १७ होता. पेण ओलांडून गाड्या वडखळला येतात. इथे रस्ते फुटतात. गोव्याकडची वाहने नागोठणे, कोलाड, माणगाव, महाडकडे जातात. अलिबागची वाहने राष्ट्रीय महामार्ग १६६-अ वर वळतात.

अलिबागचा रस्ता धरमतरचा पूल, शहाबाज, पेझारी, पोयनाड, कार्लेखिंड असा शहरात येतो. महामार्ग असे नाव असले तरी बराचसा रस्ता दोन पदरी आहे, म्हणजे जायला एक आणि यायला एक पदर. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक पेण. त्यामुळे रस्ता बंद पडला तर उरतो तो फक्त समुद्राचा मार्ग.

पुण्याकडची वाहने मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूरमार्गे माणगावला उतरतात आणि तिथून मोर्बा, म्हसळा करत दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जातात. म्हणजे उत्तर किनाऱ्यासाठी वडखळ आणि दक्षिण किनाऱ्यासाठी माणगाव अशी दोन नरसाळी आहेत. वरून कितीही ओता, खाली पडणार ते तोंडाच्या मापानेच.

गाड्या मोजतात कशा?

रस्त्यावर किती वाहने आहेत एवढे सांगून भागत नाही. दुचाकीला लागणारी जागा वेगळी, ट्रेलरला लागणारी वेगळी. म्हणून वाहतूक मोजताना सगळी वाहने कारच्या मापात बदलून घेतात. या मापाला प्रवासी कार एकक किंवा पीसीयू म्हणतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेले माप असे आहे:

- दुचाकी किंवा सायकल : ०.५
- कार, पिकअप, रिक्षा : १
- छोटा टेम्पो, नुसता ट्रॅक्टर : १.५
- बस किंवा ट्रक : ३
- ट्रेलर, ट्रॉलीसह ट्रॅक्टर : ४.५
- बैलगाडी : ८

बैलगाडी सर्वांत वर पाहून आश्चर्य वाटेल. पण माप फक्त आकाराचे नसते, मागच्यांना किती खोळंबा होतो त्याचेही असते. वडखळ-डोलवी भागात पोलाद कारखाना आणि धरमतर बंदर आहे, थळला खत कारखाना आहे, उसरला गॅसचे प्रकल्प आहेत. तिथे जाणारे २०० ट्रेलर म्हणजे रस्त्याच्या हिशेबात ९०० कार होतात.

रस्ता दिवसाला किती भार सोसू शकतो, याचेही निकष आहेत. सपाट प्रदेशात, फार वळणे नसताना पावणेचार मीटर रुंदीच्या एकपदरी रस्त्यासाठी दिवसाला २,००० पीसीयू, साडेपाच मीटरच्या मधल्या रुंदीच्या रस्त्यासाठी ६,००० आणि सात मीटरच्या दोन पदरी रस्त्यासाठी १५,००० पीसीयू धरतात. डोंगराळ आणि वळणावळणाच्या भागात दोन पदरी रस्त्याचा हाच आकडा ५,००० पर्यंत खाली येतो. याहून जास्त वाहने गेली तर रस्ता लगेच बंद पडतो असे नाही, पण प्रवास आरामाचा राहत नाही. ओव्हरटेक करायला जागा मिळत नाही आणि एक गाडी थांबली की तिच्यामागे रांग लागते.

हे आकडे मोकळ्या रस्त्याचे आहेत. पोयनाडच्या बाजारात दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, भाजीवाल्यांच्या पाट्या आणि मध्येच थांबलेली बस असेल तर रस्ता कागदावर दोन पदरी राहतो, प्रत्यक्षात दीड पदरी होतो.

सरासरीत न दिसणारे तास

ग्रामीण रस्त्यांवरची वाहतूक गणना वर्षातून किमान दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस चोवीस तास करावी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा १९७२ चा दंडक आहे. एक गणना पिकाची काढणी आणि बाजाराच्या हंगामात, दुसरी मंदीच्या दिवसांत. शेतीच्या जिल्ह्यांना हे वेळापत्रक फिट बसते. किनाऱ्यावरची गर्दी मात्र पिकावर नाही, सुट्टीवर चालते.

दुसरी अडचण सरासरीची. समजा एका दोन पदरी रस्त्यावर सोमवार ते शुक्रवार रोज ८,००० पीसीयू वाहतूक आहे आणि शनिवार-रविवारी रोज २०,००० आहे. आठवड्याची बेरीज ८०,००० झाली. सातने भागले की रोजची सरासरी साधारण ११,४०० येते. १५,००० च्या मर्यादेपेक्षा बरीच कमी. कागद सांगतो रस्ता पुरेसा आहे. रविवारी संध्याकाळी पेझारी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला वेगळेच दिसते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वर्षातले बहुतेक तास रस्ता पुरतो. जे तास पुरत नाही, ते ठरलेले आहेत. दर आठवड्याला जवळपास त्याच वेळी आणि त्याच ठिकाणी कोंडी होते. म्हणून रस्ता रुंद होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. वेळ आणि जागा आधी माहीत असलेल्या संकटाची तयारीही आधी करता येते.

पाच वाजताची कोंडी रात्री दहापर्यंत का राहते?

एक साधा हिशेब पाहू. समजा एखाद्या नाक्यातून तासाला १,२०० गाड्या सुटू शकतात. रविवारी दुपारी ३ पासून तासाला १,५०० गाड्या यायला लागल्या. दर तासाला ३०० गाड्या मागे साचतात. एका गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासह सात मीटर धरले तर तासाभरात दोन किलोमीटरची रांग होते. संध्याकाळी ६ पर्यंत ९०० गाड्या, म्हणजे सहा किलोमीटरहून लांब रांग. शेवटच्या गाडीला नुसता नाका गाठायला पाऊण तास.

आता ६ नंतर गर्दी ओसरली, तासाला १,००० गाड्याच येऊ लागल्या. तरी तासाला २०० गाड्याच जास्तीच्या सुटतात. साचलेल्या ९०० गाड्या संपायला साडेचार तास लागतात. म्हणजे गर्दी सहाला कमी झाली, पण कोंडी सुटली साडेदहाला.

यातून दोन गोष्टी कळतात. कोंडी लागल्यावर पोलीस येऊन ती लगेच सुटत नाही, त्यामुळे बंदोबस्त ३ वाजण्याआधी उभा राहायला हवा. आणि दर तासाच्या जास्तीच्या तीनशे गाड्या जरी गर्दीच्या आधी किंवा नंतर निघाल्या, तरी रांग लागतच नाही. म्हणजे सगळी गर्दी थांबवण्याची गरज नाही, वरची थोडी साय काढली तरी पुरते.

दुसरी रांग लागली की गाठ बसते

एका रांगेत उभी असलेली वाहतूक हळूहळू का होईना, पुढे सरकते. रस्ता पुरता बंद पडतो तो घाई झालेल्यांनी उजवीकडून दुसरी रांग लावल्यावर. ही रांग समोरून येणाऱ्यांच्या पदरात शिरते. समोरची वाहतूक थांबते. तिकडेही कोणीतरी दुसरी रांग लावतो. मग नाक्याच्या तोंडाशी चार रांगा समोरासमोर येतात. पुढे जाता येत नाही आणि मागच्यांनी दाबल्यामुळे मागेही घेता येत नाही.

रुग्णवाहिका अडकते ती नेमकी इथे. एकच रांग असेल तर समोरचा पदर अधूनमधून रिकामा होतो आणि सायरन वाजवत गाडी निघू शकते. दोन रांगा लागल्या की तो मार्गही बुजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडीला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोणत्या पट्ट्यात काय होते?

वडखळ ते अलिबाग. किनाऱ्याकडे येणारी गर्दी शुक्रवारी रात्री सुरू होते आणि शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत जोर धरते. परतीची गर्दी रविवारी दुपारनंतर. अडकण्याच्या जागा ठरलेल्या: वडखळ नाका, पेझारी, पोयनाड बाजार, कार्लेखिंडीचा चढ आणि शहराच्या तोंडाशी पिंपळभाट, चेंढरे. पेझारीला नागोठण्याचा रस्ता मिळतो. खिंडीत भरलेला ट्रक चढाला दमला की मागे सगळे थांबते. किहीम, मांडवा बाजूला जाणाऱ्यांनी कार्लेखिंडीतून कनकेश्वर फाट्याकडे वळले तर शहरात शिरण्याची गरज पडत नाही.

मांडवा, चोंढी, थळ. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला प्रवासी बोटी येतात. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या घेऊन येणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त पडणारा वळसा बोटीने सुमारे तासाभरात संपतो. यामुळे वडखळचा भार काहीसा हलका झाला, पण वेगळा प्रकार सुरू झाला. एका फेरीतून शंभराहून अधिक गाड्या एकदम उतरू शकतात. बोट लागली की मांडवा-चोंढी रस्त्यावर लाट आल्यासारखी गर्दी होते, मग रस्ता पुन्हा शांत. इथे बोटीचे वेळापत्रक पाहून घराबाहेर पडणे शहाणपणाचे. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात, तेव्हा तो भार पुन्हा रस्त्यावर आणि रो-रोवर येतो.

अलिबाग, रेवदंडा, मुरुड. आक्षी, नागाव, चौल इथला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. दोन्ही बाजूंना गडगे आणि घरे, समोरून बस आली तर कारला थांबावे लागते. पुढे रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये कुंडलिका खाडीवर पूल आहे. जुन्या पुलावर जड वाहनांसाठी वेळोवेळी निर्बंध येतात. अशा वेळी पर्यायी रस्ता साळाव-चणेरा-रोहा असा लांबचा. काशीदला समुद्र रस्त्याला अगदी लागून आहे. तिथे गाड्या रस्त्याकडेलाच उभ्या राहतात आणि मुरुडची एसटी अडकते. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना छोटा पूल कोसळला आणि एका दुचाकीस्वाराचा जीव गेला. एकच रस्ता असलेल्या किनाऱ्यावर मोरीएवढा पूल गेला तरी तालुका कसा तुटतो, हे तेव्हा दिसले.

माणगाव ते श्रीवर्धन. माणगाव बाजारपेठेत तीन प्रवाह एकत्र येतात: मुंबई-गोवा, ताम्हिणीकडून पुणेकर आणि मोर्बामार्गे श्रीवर्धन. महामार्ग बाजारातूनच जातो आणि बाह्यवळणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. सणाला इथली रांग इंदापूरपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला लोणेऱ्याच्या दिशेने लांबते. पुढे म्हसळ्याजवळचा घोणसे घाट तीव्र वळणांचा. दिघी बंदराची अवजड वाहनेही याच बाजूने येतात. मुरुडहून दिवेआगरला जाणाऱ्यांसाठी आगरदांडा-दिघी जंगलजेटी सेवा हा वळसा वाचवणारा पर्याय आहे. हरिहरेश्वरहून मंडणगडकडे जायला बागमांडला-वेश्वी फेरी आहे.

उरण. इथली गर्दी सुट्टीची नाही, बंदराची आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून कंटेनर ट्रेलर आठवड्याचे सातही दिवस धावतात. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल रेल्वे आली, तेव्हा नोकरदारांना रस्त्याशिवाय दुसरा मार्ग मिळाला.

वर्षाचे कॅलेंडर

- डिसेंबरचा शेवट : नाताळ ते ३१ डिसेंबर. अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगर सगळीकडे एकदम गर्दी.
- फेब्रुवारी ते एप्रिल : शनिवार-रविवारची नेहमीची गर्दी. शिवाय अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा हंगाम. रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दुकानांसमोर गाड्या अचानक थांबतात. शिमग्याला चाकरमानी गावी येतात.
- मे : शाळांची सुट्टी. आठवड्याच्या मधल्या दिवशीही रस्ता भरलेला.
- जून, जुलै : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मासळीच्या गाड्या कमी. पण खड्डे, पाणी आणि दरडी यामुळे वेग मंदावतो. ताम्हिणीत पावसाळी पर्यटकांची गर्दी.
- ऑगस्ट, सप्टेंबर : स्वातंत्र्यदिनाची जोडसुट्टी, मग गणेशोत्सव. त्याआधी पेण, हमरापूर, जोहे इथून मूर्तींचे टेम्पो निघतात. चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस महामार्ग कोकणाकडे भरतो, गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की मुंबईकडे.
- ऑक्टोबर, नोव्हेंबर : दिवाळीची सुट्टी. कार्तिकात वरसोलीची जत्रा.
- मार्गशीर्ष : दत्तजयंतीला चौलची पाच दिवसांची जत्रा. रेवदंडा रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत वर्दळ.

नवे पूल आले, मग कोंडी का वाढली?

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. २१.८ किलोमीटरच्या या पुलामुळे दक्षिण मुंबईतून उरण-पनवेल भागात यायला लागणारा वेळ खूप कमी झाला. चिर्ल्याला उतरून काही गाड्या पळस्प्याकडे, तर काही चिरनेर-खारपाड्याच्या अरुंद रस्त्याने पेणकडे येतात. पण वडखळच्या पुढचा रस्ता जेवढा होता तेवढाच राहिला. पूर्वी शीव, वाशी, पनवेल अशा टप्प्यांवर अडकत, पांगत येणाऱ्या गाड्या आता कमी वेळात वडखळला जमू लागल्या. प्रवास सोपा झाला की ‘जाऊन येऊ’ म्हणणारेही वाढतात. नळ मोठा केला आणि नरसाळे तेच ठेवले, तर पाणी काठावरून सांडणारच.

महामार्ग ६६ ची गोष्टही तशीच. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि एका दशकाहून जास्त काळ चालले. जिथे चौपदरी तुकडा संपून दोन पदरी सुरू होतो, तिथे नवी कोंडी तयार होते. महाडच्या पुढे कशेडी घाटाला पर्याय म्हणून बोगदा झाला. त्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवात वापरात आली आणि घाटातला त्रास कमी झाला. माणगावच्या बाजारातला मात्र त्याने हटला नाही.

धरमतर खाडीवर करंजा-रेवस पुलाचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा तो पहिला दुवा. हा पूल झाला की मुंबईची वाहने वडखळला न जाता थेट रेवसला उतरू शकतील. वडखळला दिलासा मिळेल. पण रेवस, मांडवा, चोंढी इथले आतले रस्ते आणि आक्षी-नागावच्या वाड्यांतली वाट तेव्हा किती गाड्या सोसणार, हे आधी ठरवायला हवे. नाहीतर कोंडी सुटणार नाही, फक्त गाव बदलेल.

अवजड वाहनांची बंदी: उपयोग किती?

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन किंवा त्याहून जास्त वजनाच्या वाहनांना ठरावीक दिवस बंदी घातली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असे निर्बंध घालता येतात. जोडसुट्ट्यांना जिल्हा प्रशासनही असे आदेश काढते. दूध, भाजीपाला, इंधन, स्वयंपाकाचा गॅस, औषधे यांना साधारणपणे सूट असते.

पीसीयूचा तक्ता पाहिला की या बंदीचे महत्त्व कळते. गर्दीच्या तासात १०० ट्रेलर थांबवले तर ४५० कारएवढी जागा मोकळी होते. मात्र बंदीची वेळ संपताच थांबलेले सगळे ट्रेलर एकत्र निघाले, तर रविवारची कोंडी सोमवारी सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळेला येते. त्यामुळे ही वाहने टप्प्याटप्प्याने सोडणे तेवढेच गरजेचे.

तक्रार कुठे करायची?

रस्ता कोणाचा, हे माहीत नसेल तर अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो.

- महामार्ग ६६, पळस्पे ते इंदापूर : भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण.
- महामार्ग ६६, इंदापूरच्या पुढे : सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा.
- राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभाग.
- इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते : जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग.
- प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते : ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते.

राष्ट्रीय महामार्गावर अपघात किंवा अडथळा असेल तर १०३३, पोलीस मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावेत. पूल हलतो, कठडा तुटला, खांबाजवळची माती वाहून गेली असे काही दिसले तर वाट पाहू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये खुला झाला. गेलेली माणसे परत आली नाहीत.

गावाने स्वतः मोजणी कशी करावी?

‘फार ट्रॅफिक असते’ असे लिहिलेला अर्ज आणि आकडे लिहिलेला अर्ज यांत फरक पडतो. मोजणीला यंत्र लागत नाही. नाक्यावर सावलीत दोन माणसे बसवावीत, एक येणारी आणि एक जाणारी वाहने मोजेल. दर १५ मिनिटांनी वहीत दुचाकी, कार-रिक्षा, टेम्पो, बस-ट्रक, ट्रेलर असे पाच रकाने भरावेत.

उदाहरणार्थ, एका तासात ३०० दुचाकी, ४०० कार, २० टेम्पो आणि ३० बस-ट्रक गेले. हिशेब असा: १५० + ४०० + ३० + ९० = ६७० पीसीयू. अशी मोजणी एका मंगळवारी आणि एका रविवारी, दुपारी ३ ते रात्री ९ करावी. सोबत दोन गोष्टी लिहाव्यात: रांग कुठपर्यंत गेली आणि रुग्णवाहिका आली असल्यास तिला नाका ओलांडायला किती मिनिटे लागली.

हे आकडे ग्रामसभेच्या ठरावाला जोडावेत. मागणी नेमकी असावी. बस थांब्यासाठी रस्त्याबाहेर खाच, बाजाराच्या तोंडाशी शंभर मीटर पार्किंगबंदी, रविवारी दुपारी अडीचपासून वाहतूक पोलीस, दुसरी रांग लागू नये म्हणून मधोमध दुभाजक, अशा मागण्या चौपदरीकरणाची वाट न पाहता मान्य होऊ शकतात. त्याच रस्त्याची सरकारी वाहतूक गणना हवी असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

घराबाहेर पडण्यापूर्वी

- दवाखान्याची ठरलेली तपासणी, लग्नाची खरेदी, बँकेचे काम शनिवारी सकाळी शक्यतो ठेवू नये.
- गरोदर महिलेची तारीख जोडसुट्टीच्या आसपास असेल तर आधीच अलिबाग, पेण किंवा माणगावला नातेवाईकांकडे सोय पाहून ठेवावी.
- रविवारी मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी दुपारी १२ च्या आत किंवा रात्री १० नंतर निघावे. पेण, रोहा, माणगावपर्यंत जाऊन रेल्वे पकडणे अनेकदा लवकरचे ठरते.
- खोली भाड्याने देणाऱ्यांनी खोली सोडण्याची वेळ सगळ्यांना एकच न देता मागेपुढे ठेवावी. पाहुण्याला थोडे आधी किंवा जेवून उशिरा निघायला सांगितले तर तो रांगेत अडकत नाही आणि पुन्हा येतोही.
- रांग लागली असेल तर रांगेतच राहावे. उजवीकडून पुढे काढलेली एक गाडी मागच्या शंभरांना अडकवते, आणि त्या शंभरांत एखादी रुग्णवाहिका असू शकते. तिच्यातला रुग्ण बहुतेक वेळा पर्यटक नसतो, शेजारच्याच गावातला कोणीतरी असतो.